विहीर बघून दिलेली लेक

माझं माहेर खालापूरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याला. उन्हाळा लागला की तिथं आमी पोरी झऱ्याशी बसून वाटीवाटीनं हंडा भरायचो. म्हणून माझ्या बापानं इकडं कर्जतकडच्या कळंबच्या बाजूला सोयरीक जमवताना आधी विहीर बघितली. वैशाखातबी पाणी हाय, पोर सुखात राहील म्हणाला. नवरा नीट बघायचा राहिला, ते जाऊ द्या. लग्न झाल्यावर सासूनं मला त्याच विहिरीवर नेली, विहिरीला हळदकुंकू वाहायला लावलं नि भरला हंडा डोक्यावर दिला, तो मंग उतरलाच नाय बघा.

पुढं नळ आले. ओढ्यावर रस्त्याची मोरी, म्हंजे बुटका पूल, तिला बांधून पाईप आणलेला. गेल्या साली गणपतीच्या आधी पाऊस लागला, काय सांगू तुम्हाला, नुसता ओततच होता. मोरी गेली, तिच्यासंगं पाईप गेला नि विहिरीत पुराचं गढूळ पाणी शिरलं. आणि माझी लेक नंदा पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली, दिवस भरत आलेले. कर्जतचा दवाखाना मोरीच्या पलीकडं नि आमी अलीकडं.

आमची सरपंच सुमन, वरच्या ठाकरवाडीतली. निवडून आली तवा गावातले बाप्ये बोलायचे, ही नावाची, मीटिंगला नवराच बसंल. नवरा तिचा शेरडं राखतो, मीटिंग म्हटली की त्याला घाम फुटतो. त्या दिवशी पाऊस चालू असतानाच ती खाली आली, लुगडं वर खोचलेलं, डोक्यावर खताच्या रिकाम्या गोणीची खोळ. पयली माझ्या दारात. नंदाच्या डोक्यावरून हात फिरवला नि म्हणाली, काकी, घाबरू नको, हिच्या पोटात कळ यायच्या आधी रस्ता करते. मी म्हटलं, अगं बाय, तुझं मी ऐकते, पण ओढा ऐकंल का.

तिनं तालुक्याला फोन लावला. ते म्हणाले, सगळीकडचे रस्ते गेलेत, नंबरानं येतो. मंग ही बाई डोंगराच्या अंगानं चालत वळसा घालून सडकेला लागली, टेंपो धरला नि कर्जत गाठलं. दुसऱ्या दिवशी आली ती जेसीबीत, डायवरच्या बाजूला बसून. मागनं इंजिनेर साहेब, बूट हातात घेऊन चिखल तुडवत. सरकारी माणसाला आपण शिव्या देतो, पण खोटं कशाला बोलू, तो साहेब जेवायलाबी बसला नाय, उभ्या उभ्या भाकरी खाल्ली. सिमेंटचे मोठे पाईप टाकले, वर दगड, वर मुरूम. मंग तेच बोलणारे बाप्ये घमेली उचलायला लागले.

विहीरबी पंपानं उपसली, औषधाची पावडर टाकली. आता त्या पावडरीचा वास तुम्हाला ठावं हाय. बाया म्हणाल्या, असल्या वासाच्या पाण्यावरून गौर कशी आणायची? आमच्यात तेरड्याची गौर विहिरीवरूनच आणतात, दारात तिचे पाय धुतात. आणि ओढा ओसरून असा नितळ झालेला की तळाचे गोटे दिसत होते. वळले सगळे हंडे ओढ्याकडं. माझाबी त्यांच्यात होता.

सुमन विहिरीच्या काठावर बसली, पाणी शेंदलं, आमच्यादेखत तांब्याभर प्याली. आमी हललो नाय. तवा ती म्हणाली, गौर कोण गं? लेकच ना, माहेराला आलेली? वाडी माझी ओढ्याच्या वरच्या अंगाला हाय, काय काय वाहून आलंय ते मी बघितलंय, मेलेली शेरडं ह्या हातांनी पुरलीत. त्या पाण्यानं लेकीचे पाय धुवाल? मंग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, काकी, तुझी गौर तं घरात बसलीय गं, तिला काय पाजणार हायस?

मी ओढ्यावरनं भरलेला हंडा तिथंच पालथा केला. विहिरीवरनं भरला, उकळला, नंदाला पाजला. बाकीच्याबी मागनं आल्या. त्या साली गौर विहिरीवरूनच आली, नि गौरी-गणपती बोळवले त्याच संध्याकाळी नंदाला कळा लागल्या. पाऊस होता, पाईपातून ओढा गरजत होता नि वरून ॲम्ब्युलन्स सरळ निघून गेली. मुलगी झाली. सगळे म्हणाले गौरी नाव ठेवा, मी म्हटलं, गावात गौऱ्या मायंदळ हायत, दुसरं बघा.

पक्की मोरी अजून व्हायची हाय. सुमन तालुक्याला खेटे घालते, होईल. विहिरीला पावडरीचा वास आला नाय तं आता मीच पंचायतीच्या माणसाला हाक मारते, का रं, विसरलास का? देव त्या सुमनला उदंड आयुष्य देवो. माझ्या बापानं विहीर बघून मला दिली, त्याच्यापरीनं बरंच केलं. पण ह्या नातीचं स्थळ बघायची वेळ येईल ना, तवा मी आधी त्या गावची सरपंच कोण हाय ते विचारीन.