नाझनीनला सांगितलं

बाईंचे यजमान, आपले काका, शाळेतली मंडळी, कोळीवाड्यातल्या मावश्या, हमीदाचाची, आणि मागे उभ्या असलेल्या पोरींनो. खानावळीत मी दिवसभर कशी ओरडते ते सगळ्या मुरुडला ठाऊक आहे. आज तसं ओरडता येणार नाही. बाईंच्या फोटोला हार घातलेला बघवत नाही. तरी बोलते. एक गोष्ट आज इथेच सांगायला हवी.

मी सुगंधा. शैलाबाईंच्या पहिल्या हँडबॉल टीमची गोलकीपर. परवा सकाळी बाई गेल्या. हार्ट अटॅक. दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

आणि हमीदाचाचींची नाझनीन, बाईंची सगळ्यात लाडकी, भारताच्या टीमबरोबर परदेशात आहे. आज संध्याकाळी तिचा सामना आहे. परवाच ठरलं, तिला सांगायचं नाही. काका रडत रडत म्हणाले, "पोर तिकडं एकटी हाय गो. खेळून होऊ दे, मग सांगू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा.

बाईंची शिकवण्याची तऱ्हा तुम्ही पाहिलीय. किनाऱ्यावर वाळूत प्रॅक्टिस. मोबाइलवर बाहेरच्या देशांचे सामने बघून यायच्या आणि आमचे दोन गट पाडायच्या. "आज तुम्ही नॉर्वे. तुम्ही कोरिया. कोरियाच्या पोरी उंच नाहीत, पण पायात वीज आहे. पळा!" आम्ही कधी डेन्मार्क झालो, कधी जपान. भारत मात्र कधीच नाही. मी एकदा विचारलं, "बाई, आम्ही भारत का नाही?" तर डोळे वटारून म्हणाल्या, "ते नाव मी वाटणार नाही. ते मिळवावं लागतं."

नाझनीनने मिळवलं. निवड झाली त्या दिवशी बाई शाळेतून अनवाणीच बाजारपेठेत धावत आल्या. मी म्हटलं, "अहो बाई, चपला?" तर म्हणाल्या, "गप गं, आधी पेढे काढ!" माझ्या खानावळीत पेढे कुठले? शेवटी सगळ्यांनी शिरा खाल्ला.

अशा पोरीपासून हे लपवायचं?

आता मी काय केलं ते सांगते, पण आधी एक जुनी गोष्ट. राज्य स्पर्धेला आम्ही सांगलीला होतो, तेव्हा माझे आबा गेले. सकाळी बाईंना फोन आला. दुपारी उपांत्य सामना. दुसऱ्या सरांचं म्हणणं पडलं, सामना होऊ दे, मग सांगू, गोलकीपर हीच आहे. बाईंनी ऐकलं नाही. मला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं. "सुगंधा, आबा गेले. खेळायचं की घरी जायचं, तू सांग. मी तुझ्याबरोबर आहे." मी घरी म्हटलं. टीम सरांच्या हवाली करून बाई माझ्याबरोबर एसटीत बसल्या. मला आबांचं तोंड बघायला मिळालं. टीम हरली. बाईंनी त्यावरून मला कधी एक शब्द ऐकवला नाही.

म्हणून आज सकाळी मी नाझनीनला फोन केला. सांगून टाकलं. काका, रागवा माझ्यावर. चाची, तुम्हीही बोला. पण गावात प्रत्येकाच्या स्टेटसला बाईंचा फोटो आहे. पोरीला ते मोबाइलवर कळलं असतं तर?

तिने विचारलं, "ताई, बाई जेवल्या होत्या का?" मी म्हटलं, "चहा घेतला होता." मग ती खूप रडली. मी पण रडले. मी म्हटलं, खेळायचं की नाही ते तू ठरव, इथे कोणी काही बोलणार नाही. नाक ओढत म्हणाली, "खेळते. पण ताई, सभेत मला यायचंय."

हा टेबलावरचा फोन मघापासून चालू आहे. नाझनीन ऐकते आहे.

उठा सगळे. काका, माझा हात धरा. बाईंसाठी एक मिनिट उभे राहू. रडू आलं तर दाबू नका, तिला कळू दे की ती एकटी नाही. मग मी फोन बंद करीन. पोरीला मैदानावर जायचंय.