प्रभाकररावाच्या गाडीची खटखट

...अन् वरून मलेच म्हणते, "बंडूजी, उतरा!" मले! भर उन्हात, भर रस्त्यावर! तुमाले सांगतो राजेहो, आमच्या नाचणगावात आजवर कोणी कोणाले गाडीतून उतरा म्हटलं नाई. चढा म्हणतात, सरका म्हणतात, पोट्ट्याले मांडीवर घ्या म्हणतात... पण उतरा? अन् म्हणणारा कोण, तं आमचा प्रभाकरराव! सरकी-ढेपेचा दुकानदार, इतका सज्जन, का भांडायले आलेल्या गिऱ्हाइकालेही आधी चहा पाजते. त्या गाडीनं त्याचं डोकं फिरवलं, दुसरं काय!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. दोन हजार चारची गोष्ट. त्यानं नागपूरहून जुनी गाडी आणली. ते पेपरवाले एसयूव्ही म्हणतात ना, उंच, थोराड चाकाची, सात सीटची, तशी. काऊन आणली? तं त्याची रुचिका कारंजा घाडग्याले दिलेली, सातवा सरत आलेला, पहिलं बाळंतपण माहेरी. "पोरीले यष्टीच्या धक्क्यात आणू का बंडूजी?" असं मले म्हणे. मी म्हटलं, बरोबर आहे.

गाडी आली त्या दिवशी तो अन् कौशल्याबाई, दोघंच पवनारले निघाले. देवळीच्या अलीकडे गाडीनं जरा वेग घेतला, अन् समोरून डाव्या अंगानं खट्‌खट्... खट्‌खट्! स्टेअरिंग कसं, तं हिवताप आल्यासारखं थरथर करे, अन् गाडी सारखी डावीकडे ओढे. कौशल्याबाई देवळीले उतरल्या. "माही पोटुशी पोरगी ह्या खटाऱ्यात बसणार नाई! हे बंद करा, नाई तं पोरीचं बाळंतपण सासरी होईन, मंग लोकायले तोंड तुम्हीच दाखवजा!" अन् यष्टीनं घरी परत!

झालं! दुसऱ्या दिवशी प्रभाकरराव निघाला वर्ध्याले, गाडी दाखवायले. आता मले सांगा, नाचणगावातून वर्ध्याले गाडी जाऊन राह्यली अन् खाली जाईन? तानबाले तहसीलमधी काम होतं. अन्नपूर्णाबाईले दाढ दाखवायची होती, तिच्यासंगं तिची जाऊ, जावेसंगं दोन पोट्टे. मले तसं काम काही नव्हतं, पण अशा वेळी चार माणसाचं मत असलेलं बरं म्हणून मी गेलो. मिस्त्री बसला ट्रायलले, तं त्याचे दोन्ही पाय माह्या पायावर. सेवाग्रामच्या रस्त्यानं पार लांब गेलो. मिस्त्री म्हणते, "कायचा आवाज जी?" अन् खरंच राजेहो, आवाजाचा पत्ता नाई! तरी त्यानं म्हटलं, चाकं तिरपी आहेत. केली सरळ. परत येऊन आम्ही सारे गावच्या चौकात उतरलो, प्रभाकरराव एकटा घराकडे वळला, अन् खट्‌खट् खट्‌खट्!

मंग आर्वीचा मिस्त्री. आर्वीले तं गावातले अर्धे लोक सोयरे! आम्ही नऊ जण. त्यानं गाडी खड्ड्यात घातली, काढली, अजून घातली... आवाजाचा पत्ता नाई! "शॉकअप गेले," म्हणे. बदलले. परत वर्ध्याले दुसरा, नाकात बोलणारा: "स्टेअरिंगचा रॉड आहे, भाऊसाहेब, रॉड!" तोही बदलला, तरी घराकडे वळला का खट्‌खट् सुरूच! अन् येता-जाता आमचं निदान चालूच. तानबा म्हणे, नजर लागली. मी म्हटलं, चाकात हवा जास्त आहे. अन्नपूर्णाबाई मागून म्हणते, "मले तं एसीचा आवाज वाटते." अवं बाई, गाडीत एसीच नाई! अन् आवाज तरी कुठी होता?

तिकडून व्याह्याचा फोन, गोड गोड: "शुक्रवारी नेता, का आम्हीच पाहू इथं? तुमाले अडचण असन तं सांगा." प्रभाकरराव दुकानात बसल्या बसल्या म्हणे, "बंडूजी, एक पोरगी, अन् तिचं एवढं एक बाळंतपण माह्याकडून होत नाई." मले लय वाईट वाटलं. खोटं काऊन सांगू?

गुरुवारी शेवटचा उपाय, पुलगावचा चंद्रभान मिस्त्री. ट्रकवाला जुना माणूस. त्याचा नेम असा, का स्वतःच्या कानानं आवाज ऐकल्याशिवाय पान्याले हात लावणार नाई. बसला पुढं. प्रभाकररावानं गाडी नदीच्या पुलापर्यंत नेली, वळवली. आवाजाचा पत्ता नाई! मंग त्यानं मान वळवून आमच्याकडे पाह्यलं. "हे सारे कोण?"

"आमचीच माणसं," प्रभाकरराव म्हणते.

"दर ट्रायलले असतात?"

"असतात ना."

"अन् आवाज कवा येते?"

"घरी जाताना... हे सारे उतरले... मी एकटा असलो का..." अन् प्रभाकरराव बोलता बोलता थांबला. गाडी कडेले घेतली. आरशातून आमच्याकडे पाहत राह्यला. अन् मंग ओरडला, "उतरा सगळे!"

कोणी हाललं नाई. आम्हाले वाटलं, पंक्चर झालं. तानबा म्हणते, "चहा घ्याचा का?" तवा प्रभाकररावानं माह्याकडे वळून हात जोडले, डोळे भरलेले: "बंडूजी, उतरा. पाया पडतो. पोरीच्या जिवाचा सवाल आहे!"

उतरलो. गाडी शंभर पावलं गेली नसन, अन् आम्हाले रस्त्यावर ऐकू आली... खट्‌खट्! चंद्रभाननं तिथंच जॅक लावला, डावं चाक वरून-खालून धरून हालवलं. हालत्या दातावाणी डुगडुग करे! म्हणते, "चाक धरून ठेवणारा सांधा खलास आहे. माणसं बसली का वजनानं दबते, मुका होते. गाडी खाली झाली का नाचते. अजून थोडी चालवली असती, तं चाक एकीकडे अन् पोरगी एकीकडे." प्रभाकररावानं गाडीची चाबी काढून चंद्रभानच्या हातात देली. काटा तं माह्याही अंगावर आला, लपवत नाई.

संध्याकाळपर्यंत नवा सांधा बसला. शुक्रवारी दोघं नवरा-बायको कारंजाले गेले, रुचिकाले मागच्या सीटवर निजवून आणली. कौशल्याबाई म्हणतात, तांब्यातलं पाणी हाललं नाई!

चांगलं झालं. पण आमचं काय? पुलापासून नाचणगावपर्यंत पायी आलो जी आम्ही! रस्त्यातच साऱ्यायनं ठरवलं, आता ह्या गाडीत पाय ठेवायचा नाई. मी आठ दिवस प्रभाकररावाच्या दुकानावरून गेलो, मान वळवली नाई. नवव्या दिवशी तोच घरी आला. "बंडूजी, माफी करा. चला वर्ध्याले. तुमच्याशिवाय गाडी सुनी लागते." मी लगेच गेलो नाई. इज्जत आहे का नाई? त्याले दोन वेळा चहा पाजला, इस्त्रीचा शर्ट घातला, पान लावलं, मंग हळूहळू बाहेर आलो.

पायतो तं काय! पुढच्या सीटवर तानबा! मागं अन्नपूर्णाबाई, तिची जाऊ, दोन पोट्टे! मी म्हटलं, "अबे तानबा, ठरलं काय होतं?" तं तो म्हणते, "आम्ही तं शनवारपासूनच येऊन राह्यलो!"

म्हणजे आठ दिवस सारं गाव गाडीत, अन् रुसलो होतो मी एकटाच! काय करता? चढलो, अन् मागं स्टेपनीवर बसलो.