बॉल सुटेपर्यंत पाय बेसवर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बेसबॉल क्लबचे प्रमुख लार्तीगसाहेब, पदाचा तिरंगी पट्टा बांधून चक्क वेळेवर आलेल्या महापौरबाई, व्यासपीठावरचे इतर मान्यवर (सगळ्यांची नावं घेत बसले तर आतली सॉसेजेस गार होतील), ओरिआनची आई सिल्व्ही, आणि रग्बीची मॅच सोडून इथं बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मी क्लबच्या कँटीनमध्ये सॉसेज भाजते, बटाटे तळते. शाळेचं नि माझं कधी जमलं नाही, त्यामुळे सुंदर बोलायचं काम महापौरबाईंनी केलंच आहे. मी उरलेलं बोलते.

ओरिआन काझनाव लहानपणापासून आपल्या मुलांच्या संघात खेळली. ती मोठी झाल्यावर लार्तीगसाहेब म्हणाले, "नियम आहे पोरी. आता मुलींनी सॉफ्टबॉल खेळायचा." साहेब, मान खाली घालू नका, नियम तुम्ही केला नव्हता. तिनं काय विचारलं, आठवतं? "वाढदिवस झाला की माझा हात बदलतो का?"

हात बदलला नाही, पण बॉल बदलला. मोठा बॉल, तोही खालून फेकायचा. शिकली. आणि बेसबॉल? तोही सोडला नाही. देशाच्या मुलींच्या दोन्ही संघांत गेली. एका बॅगेत दोन प्रकारचे बॉल, आणि सिल्व्हीच्या दोरीवर दोन जर्सी.

मग चेक देशातली ती सॉफ्टबॉलची मॅच आली. तुम्ही टीव्हीवर पाहिलीत, मी कढईपाशी उभी राहून पाहिली. बेसबॉलमध्ये धावणारी बेसच्या चौकोनी गादीवरून आधीच चार पावलं पुढं सरकून उभी राहू शकते. सॉफ्टबॉलमध्ये बॉल फेकणारीच्या हातातून तो सुटेपर्यंत पाय बेसवरच हवा. हिनं सवयीनं आधी उचलला. बाद. मॅच गेली, पुढची फेरी गेली. तिच्या संघाच्या प्रशिक्षक म्हणाल्या, "दोन घरी जेवणाऱ्याचं असंच होतं. एक खेळ निवड."

घरी आली ती पाय जमिनीला चिकटवूनच. बेकरीच्या रांगेत पुढचा माणूस सरकला तरी ही हलेना. मागून म्हातारे पेरेसबाबा म्हणाले, "बाळ, बॉल सुटला की. चल आता." रांग हसली. ती हसली नाही.

आता जे सांगणार आहे ते व्यासपीठावर कुणालाच ठाऊक नाही. ओरिआन, डोळे वटारू नकोस. ऑस्ट्रेलियाच्या क्लबनं तिला दोन्ही खेळांसाठी बोलावलंय म्हणून आपण ही फुलं आणली. आणि गेल्या रविवारी ही माझ्या कढईपाशी येऊन म्हणते, "मावशी, मी जात नाही."

"का गं?"

"तिथं शनिवारी एक खेळ, रविवारी दुसरा. परत पाय चुकला तर?"

"तर बाद होशील. बाद होऊन आजवर कोण मेलंय?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"नाही कळत. बटाटे कळतात. करपायला लागलेत, सरक."

सरकली, पण गेली नाही. तिथंच उभी राहून खारे बटाटे खात रडली. सिल्व्ही, तुला हे इथं ऐकावं लागतंय, वाईट वाटतं मला. पण तुला सांगायची तिची हिंमत होत नव्हती, आणि उद्या सकाळी विमान आहे. मग कधी सांगणार होतो आपण?

पोरी, तुला 'एक खेळ निवड' म्हणणारे पुष्कळ आहेत. तू दोन्ही खेळतेस म्हणून आपल्या मैदानावर आज मुली येतात. त्या बघ, तिसऱ्या रांगेत. एकीच्याही हातात फुलं नाहीत, सगळ्यांच्या हातात ग्लोव्ह आहेत.

अध्यक्षांनी मला चार शब्द बोलू दिले, त्यांचे आभार. मान्यवरांची नावं गाळली, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली, त्याबद्दल ज्यांना राग आला असेल त्यांनी कँटीनमध्ये येऊन मला बोलावं, आधी खावं. आणि ओरिआन, इतके दिवस पाय बेसवर ठेवलास, नियमाप्रमाणे ठेवलास. पेरेसबाबा बरोबर होते. बॉल सुटलाय. पाय उचल.