चाळीसपैकी चाळीस

दहावीचा निकाल तिसऱ्यांदा शंभर टक्के लागला, तर आगाशे हेडमास्तरांचा जिल्ह्याच्या सभेत शाल-नारळ ठरलेला होता. आड येत होती ती चाचणीत गणितात नापास झालेली एकच मुलगी, रंजना. रत्नागिरी स्टँडवर एसटीच्या रांगेत माझ्या पुढेच तिची आई मालन त्यांना आयती सापडली.

"मालनबाई, रंजनाचा दाखला काढून न्या. मार्चला ती बाहेरून बसेल."

"शाळेतनं नाव काढता तिचं?"

"तिच्याच भल्यासाठी."

"मग गनित कोन शिकवनार? बाप बोटीवर, मी अंगठेवाली."

"शिकवणी लावा."

"तुमी घ्याल?"

"मला वेळ कुठाय? वर्गात चाळीस मुलं आहेत."

"एक्केचाळीस, सर."

"अर्ज माझ्या पिशवीतच आहे."

"पास झाली तर नाव शाळेच्या फळ्यावर लागंल?"

"बाहेरून बसलेल्यांचं लागत नाही."

"म्हंजे नापास झाली तर आमची, नि पास झाली तरी आमचीच. बरं हाय हो तुमचं!"

"हळू बोला, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. न्हाय नेला दाखला तर?"

"तर तुमच्या धाकटीला पाचवीत घेताना मलाही विचार करावा लागेल."

एसटी लागली. रांग पुढे सरकली, मालन सरकली नाही.

"आना तो अर्ज. कुठं उठवू अंगठा?"

जूनमध्ये शाळेच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं मी वाचलं: बसले चाळीस, पास चाळीस. मालनची धाकटी पाचवीत बसली. रंजना बंदरावरच्या कारखान्यात कोळंबी सोलायला बसली.