उकंडरावची लाँच पाणी पिते

...नाई, तुम्हीच सांगा, माणसाच्या दारासमोर काय असावं? तुळस असावी, बकरी असावी, लय झालं तं फटफटी असावी. माह्या दारासमोर बोट हाय! बावीस फुटाची, सागवानी, साहेबलोकायची मोटारबोट. सकाळी घरातून निंघालं का आधी तिच्या नाकाले डोकं लागते, मंग सूर्य दिसते. आमचं गाव जानेफळाहून चार कोस आत, समुद्र कोणत्या बाजूनं हाय हे मास्तरले बी माहीत नाई. पाहुणा येते, चहा पिते, अन जाता जाता हळूच इचारते, भाऊ, तुमच्या इकडं पूर येते का? पूर? आमच्या इकडं नळाले पाणी येत नाई बाप्पा, पूर कोठून येईन...

तं ही बोट शेजारच्या उकंडरावची. उकंडराव म्हणजे एकतीस वर्सं धरणावर लाँचचा डायवर. साहेब आला का लाँच काढायची, धरणातून फिरवून आणायची. संगं साहेबाची बायको, बायकोची बहीण, बहिणीचं कुत्रं, सारे बसत. अन उकंडरावची बायको पुष्पाबाई काठावर डबा घेऊन उभी! तिले बसता येत नव्हतं, म्हणे कायद्यात नाई. कुत्र्याबद्दल कायद्यात काहीच लिहेल नव्हतं, म्हणून कुत्रं बसे. बाईनं तोंडातून कधी शब्द काढला नाई, फक्त लग्नाच्या दुसऱ्या वर्सी एक डाव म्हटलं, मले बी बसवा ना. उकंडराव म्हणे, बसवतो. तुम्हाले सांगतो, माणसानं वचन लग्नात द्यावं, निवडणुकीत द्यावं, पण बायकोले काठावर उभं ठेवून देऊ नाई. ते तिच्या ध्यानात राह्यते. त्याच्या बी राह्यलं, हेच तं दुखणं.

पुढं फायबरची बोट आली, ही लाकडाची शेडात गेली, चौदा वर्सं तिच्यात कोंबड्या बसल्या. उकंडराव रिटायर झाला अन एक दिवस कानावर आलं का लाँच लिलावात निंघाली. कोणत्या यादीत? जळतणाच्या! सडके वासे, मोडक्या खुर्च्या, अन लाँच. समोर गिऱ्हाईक एकच, वीटभट्टीवाला. उकंडरावनं त्याचे पाय धरले, बोट सोडवली, अन घरी येऊन छाती फुगवून बायकोले सांगतलं, "तुले बसवाले लाँच घेतली."

बाई भाकरी थापून राह्यली होती. तिनं मान बी वर केली नाई. म्हणे, "आता माहे गुडघे दुखतात."

पण हा थांबते का? धरणावरून ट्रॉलीवर बोट घालून घराकडे निंघाला. हिवरा आश्रमापाशी लोकायले वाटलं, रथ आला! एका बाईनं हळदकुंकू वाह्यलं, दोन म्हातारे पाया पडले, अन एका भाविकानं नारळ फोडला. कोठी फोडला? बोटीच्या नाकावर! तिथंच पहिली फळी तडकली. उकंडराव बिचारा खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन घरी आला, प्रसाद म्हणून.

आता आमच्या गावात बोट दुरुस्त करणार कोण? इंद्रभान सुतार. त्यानं जन्मभर बैलगाड्या केल्या, बोट पाह्यली ती कॅलेंडरवर. आला, भोवताल फिरला, टकटक केलं, फटीत करंगळी घातली तं ती आतून कोंबडीले दिसली. अन मोठ्या डाक्टरसारखा म्हणते, "भाऊ, काही नाई, लाकूड वाळलं. गाडीचं चाक सैल झालं का आपण नदीत टाकतो ना? लाकूड पाणी पिते, फुगते, वरची लोखंडाची धाव गच्च बसते. पाणी पिऊ द्या तिले."

किती दिवस? तं म्हणे, ते तिच्या तहानीवर हाय.

मंग काय, फटीत घरचा कापूस कोंबला, वरून राळ अन तेल, अन उकंडराव बोअरचा पाइप लावून बोट आतून भराले लागला. आतून! मी म्हटलं, उकंडभाऊ, बोट पाण्यात असते, पाणी बोटीत नसते. ऐकते कोण? इकडून पाणी भरते, तिकडून सारं माह्या ओट्यावर. माही गव्हाची तीन पोती भिजली, त्यायले कोंब आले. मी इंद्रभानले बोलावून दाखवलं, तं तो पोत्याकडे पाहे बी नाई, म्हणे, पाणी पिऊ द्या तिले. अरे पण तिनं पिलं कोठी? पिलं माह्या पोत्यायनं!

अन इंजनाची तं कथाच सांगू नका. पुष्पाबाईचा भाऊ पंजाबराव, वडनेर भोलजीचा, इंजनाचा मोठा जाणकार. दोन दिवसात करून देतो दाजी, म्हणून घेऊन गेला. खोललं, घासलं, अन चालते का पाहाले आपल्या विहिरीवर लावलं. अन काय झालं? चाललं! तिथंच घोटाळा झाला ना. ते तवापासून कांद्याले पाणी देऊन राह्यलं. उकंडराव फोन करते, तं पंजाबराव फोन इंजनापाशी नेऊन धरते, ऐका दाजी, कसं बोलून राह्यलं! अन हा शहाणा डोळे मिटून दहा दहा मिनिटं ऐकते. मोटर वडनेरले, बोट आमच्या गल्लीत, अन याले म्हणायचं मोटारबोट...

बरं, देव काही एकदम दुष्ट नाई. पावसाळ्याच्या शेवटी एक दिवस गळणं बंद झालं. थेंब नाई! धरण बी भरेल होतं. उकंडरावनं बोट रिकामी केली, बायकोले म्हणे, परवा जाऊ, अन ट्रॅक्टर पाहाले निंघाला. आता सोयाबीनच्या काढणीत ट्रॅक्टर कोणाचा रिकामा असते? पंधरा दिवसानं भेटला. तोवर असं कडक ऊन पडलं, असं कडक ऊन पडलं, का लाकूड पुन्हा वाळून फटी पहिल्यापेक्षा रुंद. पुष्पाबाईनं नवं लुगडं घडी घालून परत पेटीत ठेवलं. इंद्रभान काय म्हणाला असन? हाव, तेच. पाणी पिऊ द्या तिले.

पिली बाप्पा, होळीपर्यंत पिली. बरोबर जवा एक थेंब गळेना, तवा धरणात चिखल. म्हणजे पाहा, धरणात पाणी असलं का बोट गळते, बोट गळाची थांबली का धरण आटते. दोघायचं एकमेकाशी काही बोलणं होऊन असन काय?

अन मंग बोअर गेला. साऱ्या गावाचे गेले. टँकर सुरू झाला, आठ दिवसातून एक डाव, अन गावाच्या टाकीले तडा, ओतलं का जमिनीत. सरपंच जनकाबाई टँकर घेऊन आमच्या गल्लीत आली, शंभर बाया मागं, हंडे घेऊन. शांत आवाजात म्हणते, "उकंडभाऊ, आपल्या गावात न गळणारी वस्तू कोणती हाय?"

सारं गाव बोटीकडे पाहे.

आता नाई म्हणाची सोय हाय का? रिकामी ठेवली तं वाळते, फाटते. भरून ठेवली तं हलत नाई. उकंडरावनंच टँकरचा पाइप बोटीत धरला. आता साऱ्या गावाच्या चहाले राळेचा वास येते, अन लोक म्हणतात, यंदा पत्ती चांगली हाय. इंद्रभान तं कॉलर ताठ करून फिरते. पाणी पिऊ द्या तिले म्हटलं होतं का नाई मी?

मागच्या मंगळवारची गोष्ट. टँकरचा दिवस, बोटीतलं पाणी तळाले गेलेलं, शेवाळ धरेल. पुष्पाबाई खराटा घेऊन आत उतरली, गुडघे धरत धरत. घासलं, घासलं, अन दमून मागच्या फळीवर बसली. मी दारात. उकंडराव बाहेर बादली घेऊन उभा.

बाई म्हणते, "साहेबाची बायको इथंच बसे ना?"

"हाव," उकंडराव म्हणे.

"मंग या की. चालवा."

तुम्हाले सांगतो, बुढा बादली ठेवून आत चढला, समोर जाऊन चक्र धरलं, पाठ ताठ, जसा साहेब बसेल हाय मागं. बाईनं पदर सावरला. ना इंजन, ना धरण, समोर माह्या घराची भिंत... अन दोघं तसेच बसून. असे किती वेळ? पाच मिनिटं असतील. मी शेजारी असून एक शब्द बोललो नाई, अन माह्यासाठी पाच मिनिटं म्हणजे लय झाले.

तेवढ्यात वळणावर टँकरचा हॉर्न वाजला. पुष्पाबाई उठली, गुडघ्यावर हात ठेवून म्हणे, "उतरा आता. पाणी आलं."

साऱ्या जगात पाणी आलं म्हणजे माणसं बोटीत चढतात. आमच्या गावात पाणी आलं म्हणून ते दोघं खाली उतरले.