वेणी

दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसलेल्या शिंपिणीने पुढच्या बाकावरच्या मायलेकींकडे कान लावला.

“आई, डॉक्टरांनी इतकं विनवूनही तुझा लुळा हात हलला नाही, आणि आज माझी वेणी घालायला बरा उठला!”

“तू पाठ करून बसलीस, तो सवयीने उठला. तू किंचाळलीस, मी त्याच्याकडे बघितलं, की पडला परत.”

“मग बघू नकोस ना!”

“छे! असं चोरून किती दिवस चालवायचं? वळ, आता बघून घालते.”

“इथे? सगळ्यांसमोर?”

“वळ गं!”

शिंपिणीचा नंबर पुकारला. ती जागची हलली नाही.

“आई! केवढ्यांदा ओढतेस! दुखतंय!”

“दुखतंय? खरंच?”

“हो गं आई, मस्त दुखतंय!”