लॉइडचं मचाण

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या एका खाटकाच्या दुकानात व्हर्ना सॉसेजसाठी रांगेत उभी होती. तिच्या पुढे आर्विड आणि डेलमर, दोघेही बाणाने शिकार करणारे. मागे कोण आहे, याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

“काय आर्विड, यंदाही हात हलवत परत?”

“बंदुकीच्या शिकारीचा हंगाम यंदा लवकर सुरू केलाय ना! पहिला बार उडाला आणि हरणं दिवसा दिसेनाशी झाली. बाण काय अंधारात मारू?”

“एकही नाही दिसलं?”

“दिसली की. लॉइडच्या मचाणाखाली, भर दुपारी. सात होती, माना वर करून उभी.”

“लॉइड तर मार्चमध्येच गेला.”

“हो ना. पण वर त्याचं नारिंगी जाकीट दिसलं. बंदुकवाल्यांनी आपल्याला हरीण समजू नये म्हणून घालतो, तेच. खिशाला निळं ठिगळ.”

“राहिलं असेल अडकून.”

“मग हरणं पाय का आपटत होती? वर माणूस हलला की आपटतात, तशी.”

“वाऱ्याने हललं असेल.”

“पानसुद्धा हलत नव्हतं.”

“त्याच्या बायकोला सांग, जाकीट काढून ने म्हणावं.”

मागून व्हर्ना म्हणाली, “ते ठिगळ मीच लावलं होतं. ते जाकीट घालूनच पुरलंय त्याला.”